थंड डोंगरावरची कालवड

"येऊ नकोस," नोलारी वारुळावरून फोनवर म्हणाली.

आमच्या एंगुसेरो गावात फोनला आवाज लागतो तो फक्त त्या वारुळावर. दलदलीच्या अलीकडे, बाभळींच्या मधोमध ते माणसापेक्षा उंच वारूळ उभं आहे. ज्याला शहरातल्या मुलाशी, व्यापाऱ्याशी नाहीतर जनावरांच्या डॉक्टरशी बोलायचं असेल त्याने त्याच्यावर चढायचं. त्यामुळे इथे कुणाचंच बोलणं खाजगी राहत नाही. त्या दिवशी खाली शेजारचा म्हातारा तिपापे शेळ्या घेऊन उभा होता. त्याने ऐकलं आणि काठी जमिनीवर आपटली.

"अगं, इतके दिवस वाटेकडे डोळे लावून बसलीस, आणि आता सून येते म्हणते तर येऊ नकोस? उन्हानं डोकं फिरलं काय तुझं?"

नोलारीने हातानेच त्याला गप्प केलं. पलीकडून तिची सून नाइसुला ओरडत होती, "पाशे, काय म्हणालीस? इथे वारा फार आहे. पुन्हा बोल."

"म्हटलं, इतक्यात येऊ नकोस. नाडोला घेऊन खाली उतरू नकोस."



नाडो म्हणजे एक तांबडी कालवड. आणि पाशे हे नोलारीचंही नाव नव्हे, नाइसुलाचंही नव्हे. ते दोघींचं मिळून एक नाव होतं. आमच्याकडे नवी नवरी सासरच्या काटेरी कुंपणाच्या दाराशी आली की तिथेच अडून उभी राहते. कुणीतरी तिला जनावर देऊ करेपर्यंत आत पाऊल टाकत नाही. ज्याने शेळी दिली त्याचं आणि तिचं नातं त्या शेळीच्या नावाने पुढे चालतं, आणि दोघं एकमेकांना त्याच नावाने हाक मारतात. नाइसुला आली त्या दिवशी दिरांनी मेंढी कबूल केली, चुलत सासऱ्याने शेळी. ही हलेना. ऊन कलायला लागलं. बायका कुजबुजू लागल्या, की ही काय हत्ती मागते आहे? तेव्हा नोलारी घरात गेली, आपल्या सगळ्यात चांगल्या गाईची लहानशी कालवड सोडून आणली आणि तिचा दोर सुनेच्या हातात दिला. त्या कालवडीचं नाव मुगे. कालवडीच्या नात्याला आमच्या बोलीत पाशे म्हणतात; कालवड देणारी ती पाशे आणि घेणारीही पाशे. नाइसुलाने मान खाली घातली आणि ती आत आली.

त्यानंतर नोलारीचा मुलगा, नाइसुलाचा नवरा लेमायान, दार-ए-सलाम शहरात गेला. आमची बरीच मुलं जातात तसा रखवालदार म्हणून. आधी त्याचे फोन यायचे, मग नुसते पैसे, आणि मग एका व्यापाऱ्याने बातमी आणली की त्याने तिकडे दुसरं घर केलंय. "रात्रभर जागून लोकांची दारं राखतो," नोलारी म्हणायची, "स्वतःचं दार कुठे होतं ते मात्र आठवत नाही त्याला." नाइसुलाला मूलबाळ नव्हतं. ती आता भावांकडे निघून जाईल असं सगळ्यांना वाटलं. ती गेली नाही. मुगे मोठी होऊन दुभती झाली, तेव्हा सकाळी तिच्या एका बाजूला सासू बसायची आणि एका बाजूला सून. दोघी मिळून दूध काढत आणि गाईच्या पोटाखालून एकमेकींची थट्टा करत.

मग दुष्काळ पडला. दलदलीच्या चिखलाला हात जाईल एवढ्या भेगा गेल्या. एकेक करत गाई बसल्या, त्या उठल्याच नाहीत. मुगे गाभण होती. नाइसुला म्हणाली, "मी हिला वर नेते, माझ्या भावांकडे. तिथे धुक्यानंसुद्धा गवत उगवतं. हिला वाचवून आणते." मुगे वर पोचली, व्याली, आणि वरच्या थंडीत दोनच महिन्यांत गेली. मागे राहिली नाडो. नाइसुलाने दुसऱ्यांच्या गाईंचं दूध मागून मागून तिला वाढवलं.

खाली पाऊस परतला, गवत छातीएवढं झालं, तरी नाइसुला येईना. नोलारी बोलवायची तेव्हा तिचं एकच उत्तर असायचं. "तुझी मुगे घेऊन गेले होते. आता मुगेची लेक घेऊन येईन. रिकाम्या हाताने त्या दारातून मी आत येणार नाही."

आणि आता नाडो एवढी वाट चालण्याएवढी झाली, तर नोलारीच नको म्हणत होती.

"पाशे," नाइसुला म्हणाली, "मी कंटाळलेय गं इथे. माणसं चांगली आहेत. पण इथे मला कुणी पाशे म्हणत नाही."

"मला तरी कोण म्हणतं?" नोलारी म्हणाली. "पण तिचे कान कोरे आहेत. तिला घेऊन आलीस तर महिनाभरात तिचं कातडं वाळत घालावं लागेल."

हे नाइसुलाला कळलं, कारण आमच्याकडे ते कुणालाही कळतं.

आमच्या उंच गवतात गोचीड असते. तपकिरी, कानात जाऊन बसणारी. तिच्याबरोबर येतो गोचीडताप, आमच्या बोलीत ओल्तिकाना. कानाखाली गाठ सुजते, अंग तापतं, मग खोकला लागतो, आणि शेवटी नाकातून फेस येतो. इथे जन्मलेलं प्रत्येक वासरू लहानपणीच या तापातून जातं. काही मरतात. जी उरतात त्यांच्या वाटेला तो ताप पुन्हा जात नाही. त्यांच्या कानाला आम्ही खाच पाडतो आणि त्यांना 'परत आलेली' म्हणतो. बाजारात गिऱ्हाईक आधी कान चाचपतं, दात मग बघतं. पण वरच्या थंड डोंगरावर ती गोचीड जगत नाही. तिथली जनावरं गुबगुबीत असतात, अंगावर ऊन घसरून पडावं अशी तुळतुळीत. ती खाली आली की सगळ्यात आधी मरतात.

लहान मुलं मला विचारतात, असं का? धडधाकट ते मरतं आणि रोडकं ते जगतं, हे कसं? मी त्यांना लेमायानचीच गोष्ट सांगते. म्हणते, बाळांनो, रक्तात रखवालदार असतात. पण ज्या चोराचा चेहरा कधी पाहिलाच नाही त्याला ते ओळखणार कसे? त्यालाच पाहुणा समजून आत घेतात. आणि हा चोर तर इतका लबाड, की रखवालदाराच्याच अंगात शिरतो. त्याच्यात राहतो, त्याच्याबरोबर वाढतो, एकाचे दोन होतो. कानाखालची गाठ असते ना, ती त्या बिघडलेल्या रखवालदारांचीच. एवढ्यातूनही एखादं वासरू तगलं, तर त्याच्या उरलेल्या रखवालदारांना तो चेहरा पाठ होतो. मग चोर वेष बदलून आला तरी कुंपणाशीच पकडतात.

"मग वर राहणाऱ्यांना तो चेहरा कोण दाखवणार?" मुलं विचारतात. नोलारीनेही नेमकं तेच विचारलं, जनावरांच्या डॉक्टरला.

डॉक्टर लुकुमाय तरुण होता, आमच्यातलाच, पण शहरात शिकून बूट घालू लागलेला. तो म्हणाला, "कोको, त्याचं इंजेक्शन आहे." कोको म्हणजे आजी. "त्यात खरा रोगच असतो, जिवंत. आणि त्याच वेळी दुसऱ्या सुईनं औषध द्यायचं, बरेच दिवस अंगात टिकणारं. म्हणजे चोर आत सोडायचे, पण हातपाय बांधून. रखवालदारांना निवांत चेहरा बघू द्यायचा."

"मग जा की वर आणि टोच."

"तिथेच तर अडतंय. ते औषध इतकं गार ठेवावं लागतं की पिंपाचं झाकण उघडलं की धूर निघतो. एक नळी बाहेर काढली की अख्ख्या कळपाला पुरते, आणि त्याच दिवशी संपवावी लागते. परत आत ठेवता येत नाही. वरच्या लोकांना हा रोगच नाही, मग त्यांची वासरं कोण आणणार? एका कालवडीसाठी मला नळी फोडता येत नाही. पण डोंगराच्या पायथ्याच्या बाजाराला मी येणार आहे. मधल्या गावांची वासरं तिथे जमतील. तिथपर्यंत तिला उतरवायला सांगा. टोचून झालं की त्याच दिवशी परत वर न्यायची. खाली चरू द्यायची नाही. एक चंद्र जाऊ दे, रखवालदार तयार होऊ देत, मग आणा घरी."

"म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर आणायची आणि परत पाठवायची?"

"हो, कोको."

"तुला आई आहे का रे?"

"आहे."

"मग तिला विचारून बघ, असं करता येतं का ते."

डॉक्टर हसला. त्याला वाटलं म्हातारी थट्टा करतेय.

बाजाराच्या दिवशी पहाटे नोलारी दलदलीकाठी गेली. शुभ कामाला आम्ही रिकाम्या हाताने जात नाही. हातात गवत घेतो. देवाने गाई दिल्या तेव्हाच गवत दिलं, म्हणून भांडणात कुणी मूठभर गवत उपटून पुढे धरलं की समोरच्याने हात खाली घ्यायचा. म्हाताऱ्या माणसाने गवत हातात धरून आशीर्वाद दिला तर तो लागतो. नोलारीला साधंसुधं गवत नको होतं. मुगे जिथे चरायची, तिथलं हवं होतं. आणि त्यातही जिथे यंदा कुणाचं जनावर शिरलेलं नाही असं, उंच, कोवळं, टोकांवर दव असलेलं. तिने तिथे वाकून एकेक काडी निवडली.

"जावई येतोय का गं?" तिपापे कुंपणातून ओरडला. "एवढं निवडून तर माझ्या लग्नातही कुणी गवत आणलं नव्हतं!"

"तुझ्या लग्नात तुला बघून गवत वाळलं असेल," नोलारी म्हणाली. तिने गवताची जुडी बांधली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि मालवाहू गाडीत जाऊन बसली.

पायथ्याचा बाजार धुळीने भरला होता. वासरं हंबरत होती आणि डॉक्टरच्या पिंपातून पांढरा धूर निघत होता. नोलारी गर्दीत नाडोला शोधत राहिली, तेवढ्यात कुणीतरी तिच्यापुढे मान झुकवली. तिने सवयीने त्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग बोटांना ते डोकं ओळखू आलं.

नाइसुलाने एकावर एक दोन कांबळी पांघरली होती. वरच्या वाऱ्याने तिचे गाल फुटले होते. नोलारीने तिच्या कपाळावर आशीर्वादाची थुंकी शिंपडली.

"बारीक झालीस," नोलारी म्हणाली.

"तूही."

"मी म्हातारी झाले. ते वेगळं."

मग दोघी कालवडीकडे वळल्या. जनावराविषयी बोलणं सोपं असतं. नाडो तांबडी लालभडक होती, कपाळावर मुगेसारखाच पांढरा ठिपका. नोलारीने तिचा कान हातात घेतला, आत-बाहेर बोटं फिरवली. मऊ, स्वच्छ, कधी काही न झालेला कान. "बाळाच्या तळपायासारखा आहे," ती पुटपुटली आणि तिला भीती वाटली.

डॉक्टरने एक सुई कानाखाली दिली, एक मानेत. कानात पिवळा बिल्ला लावला. नाडो एकदाच उडाली आणि नाइसुलाच्या काखेत तोंड घालून उभी राहिली.

तेव्हा नोलारीने जुडी सोडली. थोडं गवत तिने नाडोच्या मानेवर ठेवलं, थोडं कानांवरून, पाठीवरून फिरवलं, आणि म्हणाली, "तुझ्या आईच्या कुरणात ये. पोटभर चर. तुझ्या पोटी लेकी होऊ देत." उरलेलं तिने तिच्या तोंडापुढे धरलं. नाडोने हुंगलं आणि खायला सुरुवात केली. नाइसुला पुढे झाली.

"दलदलीकाठचं?"

"मुगेच्या जागेचं."

नाइसुलाने दोन्ही हातांनी ते गवत धरलं आणि त्यात चेहरा खुपसला. बराच वेळ तिने तो बाहेर काढलाच नाही. नोलारी दुसरीकडे बघत राहिली.

"माझा तुंबा आहे अजून?" नाइसुलाने गवतातूनच विचारलं. दुधाचा भोपळ्याचा तुंबा प्रत्येक बाईचा आपला असतो.

"आहे की. खुंटीला. जंगली ऑलिव्हच्या निखाऱ्याची धुरी देते रोज."

"दूध नसताना?"

"वास जाऊ नये म्हणून."

ऊन उतरायच्या आत त्यांना निघायचं होतं. नाइसुला डोंगराच्या वाटेला लागली, नाडो तिच्या मागे. वळणावर दोघींचे ठिपके झाले आणि ढगात शिरले. नोलारीच्या हातांना रात्रभर त्या गवताचा वास येत होता आणि तिने हात धुतले नाहीत.

नोलारी आता फोन वारुळावरच ठेवून यायची. थोडे दिवस गेले आणि तो वाजला तशी तिपापेच्या नातीने हाक दिली, "कोको, तुमचा फोन!" नोलारी धापा टाकत चढली.

"पाशे," नाइसुला म्हणत होती, "काहीतरी विचित्रच झालंय. नाडोच्या कानात गोचीड सापडली. फुगलेली, वालाच्या दाण्याएवढी. दुसऱ्या कानात आणखी दोन. माझे भाऊ म्हणतात, आमच्या जन्मात इथे ही बघितली नाही. कुठून आली असेल?"

नोलारीने मान वळवली. खाली दलदलीकाठी वारा गवतावरून लाटा नेत होता. उंच, कोवळं, ज्यात यंदा कुणाचं जनावर शिरलं नव्हतं. अशाच गवताच्या टोकाला उपाशी गोचीड पाय पसरून वाट बघत बसलेली असते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिने हजार वेळा ते बघितलं होतं. फक्त त्या पहाटे तिच्या हातात गवत नव्हतं, आशीर्वाद होता.

"मी दिली," ती म्हणाली. "गवतातून. मी स्वतः तिच्या कानांवरून फिरवलं."

नाइसुला म्हणाली, "तोंड तर मीही खुपसलं होतं त्यात. मला नाही चावली." ती हसण्याचा प्रयत्न करत होती. पण ते हसण्यासारखं ऐकू आलं नाही.

नोलारीने लगेच डॉक्टरला फोन लावला. तो आधी काही वेळ नुसताच "अरे, अरे" म्हणत राहिला. मग म्हणाला, "त्याच दिवशी चावली ना? तेव्हा औषध अंगात होतं. म्हणजे बांधलेल्या चोरांच्या मागोमाग मोकळे चोरही आले, पण त्यांचेही पाय अडकले असतील. किती अडकले ते मला सांगता येणार नाही, कोको. ताप येईल. आला तर घाबरून लगेच औषधांचा मारा करू नका, रखवालदारांनाही काही शिकू द्या. पण खोकला लागला तर मात्र थांबू नका, दुसरी सुई द्या. मी ती पायथ्याच्या बाजारातल्या दुकानात ठेवतो."

ताप आला. नोलारी आता दिवसभर वारुळाच्या सावलीतच बसू लागली. फोन वाजला की वर चढायची.

"कानाखाली गाठ आलीय."

"केवढी?"

"लिंबाएवढी."

"तळहात नको लावूस, हाताची मागची बाजू लाव. चटका बसतो का?"

"बसतो."

"पाणी पितेय?"

"पितेय. खात नाही. पाशे, साबोरे म्हणतो कापून टाकू." साबोरे हा नाइसुलाचा थोरला भाऊ. "म्हणतो, उद्या मेली तर मांस वाया जाईल, आत्ता निदान मुलं खातील. त्यांना हा रोग माहीतच नाही. त्यांच्या लेखी ती मेलेलीच आहे."

"त्याला सांग, पाणी पिणारं जनावर मेलेलं नसतं. त्याला सांग, नोलारी म्हणते, सुरी घेऊन आधी माझ्याकडे ये."

"तू सांग. मी धाकटी आहे इथे."

साबोरे फोनवर आला. मोठ्या माणसाला बोलावं तसं नोलारी त्याच्याशी बोलली नाही. "बाळा," ती म्हणाली, "तुझ्या आईनं तुला गोवरातून काढलं ना? तेव्हा तूही खात नव्हतास. तुला कुणी कापलं का?" साबोरे गोंधळला, हसला, आणि त्याने फोन बहिणीच्या हातात दिला. सुरी मागे राहिली.

दुसऱ्या दिवशी नाइसुलाचा आवाज अगदी बारीक आला. "डोळा पांढरा पडलाय एक. आणि आज सकाळी खोकली."

"मग सुई आण. आत्ता निघ. धावत जा."

"जाते. पण पाशे, मेली तर?"

"मेली तरी ये."

"नाही येणार."

"नाइसुला..."

"बघ, नाव घेतलंस माझं. आजवर कधी घेतलं नव्हतंस. तू मला कालवड दिली होतीस म्हणून मी पाशे. नवरा नाही, मूल नाही, त्या घरात माझं दुसरं काय आहे? ती मुगे गेली, आता ही गेली तर तू मला कशानं हाक मारशील?"

नोलारीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि फोनने एक किनरा आवाज काढून डोळे मिटले. त्याची शक्ती संपली होती. तरी ती वारुळावरून डोंगराच्या दिशेने ओरडली, "पाशेच म्हणेन! अगं, पाशेच म्हणेन मी तुला!" खाली तिपापे शेळ्यांच्या खुरांकडे बघत उभा राहिला, काही ऐकलं नाही असं दाखवत.

गावातल्या दुकानात उन्हावर चालणाऱ्या पाटीवर तिने फोन पुन्हा भरून आणला. पण आता पलीकडचा फोन लागेना. वर दाट धुकं असेल तर कुणाचाच फोन भरत नाही, हे माहीत असूनही नोलारी दिवसातून कितीदा तरी वारुळावर चढायची. डॉक्टरकडून एवढंच कळलं, की एक बाई पळत आली होती आणि सुई घेऊन पळत गेली. त्यानंतर काही नाही.

चंद्र वाढला, आणि उतरला. नोलारी रोज संध्याकाळी खुंटीवरचा तुंबा काढायची, निखारा आत फिरवायची, झाकण लावून परत टांगायची. तिपापेने थट्टा करणं बंद केलं होतं. ते तिला सगळ्यात वाईट वाटायचं.

मग एका दुपारी तोच कुंपणापाशी येऊन म्हणाला, "म्हातारे, माझे डोळे अधू झालेत. वाटेवर ते काय आहे ते तूच बघ."

वाटेवर एक बाई होती, आणि तिच्या मागे दोराला एक जनावर. नोलारीच्या मनातली नाडो लालभडक, तुळतुळीत होती. ही तशी नव्हती. फासळ्या मोजता याव्यात अशी, केस राठ झालेले, एक डोळा दुधासारखा पांढरा. चालताना मान एका बाजूला धरत होती, बघता यावं म्हणून. पण ती चालत होती.

उंच गवत सुरू होतं तिथे नाइसुला थबकली. दोर तिने मुठीत गुंडाळून घेतला. पलीकडे कुंपणाचं दार होतं, मधे फक्त गवत. ती पुढे येईना. दार तेच होतं, आणि ती त्या पहिल्या दिवशी उभी होती तशीच उभी होती. फक्त आता आजूबाजूला कुजबुजायला बायका नव्हत्या.

नोलारी तिच्यापर्यंत गेली.

"चल ना."

"भीती वाटते गं. एवढं करून इथेच घालवायची?"

"डॉक्टर काय म्हणाला?"

"खाली उतरताना भेटला. म्हणाला, आता तिला चेहरा पाठ झालाय. पण तो काय, बूट घालतो."

नोलारीने कालवडीचा कान हातात घेतला. तो आता राठ झाला होता आणि बिल्ल्याशेजारी गोचिडीची जुनी खूण होती. मग ती सुनेकडे वळली. "आत यायला काही द्यावं लागतं, ते मला माहीत आहे. पण आता माझ्याकडे द्यायला काही नाही. शेळीसुद्धा नाही."

"द्यायचं कोण म्हणतंय?" नाइसुला म्हणाली. "त्या दिवशी फोन बंद पडला. तू काय म्हणणार होतीस ते मला ऐकूच आलं नाही."

"पाशे," नोलारी म्हणाली.

नाइसुलाने मूठ सैल केली. नाडो सगळ्यांच्या आधी गवतात शिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत नाइसुला नाडोच्या कानाशी बसली होती आणि घाईघाईने गोचिड्या उपटून दगडावर चिरडत होती. रात्रीत बऱ्याच चढल्या होत्या. नोलारी तुंबा घेऊन बाहेर आली, शेजारी टेकली आणि तिने सुनेचं मनगट धरलं.

"सगळ्या नको काढूस. दोन राहू देत."

"कशाला?"

"मधूनमधून दिसायला हवा तिला तो चेहरा. पार दिसेनासा झाला तर रखवालदार झोपी जातात."

नाइसुलाने मनगट सोडवलं नाही. "म्हणूनच तू तुंब्याला धुरी देत होतीस होय रोज?"

"काहीतरीच," नोलारी म्हणाली आणि उठली. तुंब्याचं झाकण काढून तिने आत वास घेतला, आणि नाडोच्या पोटाकडे बघितलं. दुधाला अजून पुष्कळ अवकाश होता. आधी फासळ्या झाकायच्या होत्या, मग वळू बघायचा होता. तिने तुंबा सुनेच्या हातात दिला.

"आजची धुरी तू दे. निखारा आत आहे."